वर्ग शेवटच्या पोरापासून मोजा
(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय ऑनलाइन वर्गाचा. व्हिडिओवर वर्ग कसा भरवायचा आणि कसा चालवायचा. तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, हा काय चळवळीचा विषय झाला? मोर्चाचं बोला, घेरावाचं बोला. हे बटणं दाबायचं काम कंप्युटर क्लासवाल्याचं. मी म्हणतो, नाही. कुणी कुठं बसायचं हे ज्या देशात जात ठरवते, त्या देशात वर्गात कोण बसलं, दाराबाहेर कोण राहिलं आणि कुणाचा आवाज बंद केला, हा बटणाचा प्रश्न नसतो. तो सत्तेचा प्रश्न असतो.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावलं, तर सवर्ण पोरं उठून धावली. कशाला? फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलायला. आज फळा काचेचा झालाय. पण त्याच्यामागचे डबे गेले नाहीत. त्यांची नावं फक्त बदलली. फोन, डेटा, रेंज, इंग्रजी. आपलं पोर फळ्याकडे निघालं की आजही काहीतरी मध्ये येतं.

२०२० साली टाळेबंदी आली. शाळांना कुलपं लागली आणि वरून एका सुरात सांगितलं गेलं, शिक्षण थांबणार नाही, ऑनलाइन होईल. कुणाचं थांबणार नाही? हे कुणी विचारलं नाही. १ जून २०२० ला केरळात ऑनलाइन वर्ग सुरू झाले. केरळ म्हणजे साक्षरतेत देशाच्या पुढे असलेलं राज्य. त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात वलांचेरीजवळ एका मजुराच्या चौदा वर्षांच्या दलित मुलीने जीव दिला. घरात स्मार्टफोन नव्हता. टीव्ही होता तो बिघडलेला. वर्ग सुरू झाला आणि ती बाहेर राहिली.

एक पोरगी म्हणजे अपवाद, असं म्हणणारे भेटतील. त्यांना आकडे सांगा. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १४०० मुलांची पाहणी झाली. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली शंभरात आठ. त्यातली दलित-आदिवासी मुलं वेगळी काढली तर शंभरात चार. बाकीच्या ग्रामीण मुलांत पंधरा. आणि ज्या घरात स्मार्टफोन होता, तिथंही नियमित शिकणारी मुलं शहरात शंभरात ३१, खेड्यात १५. म्हणजे नुसता फोन असून भागत नाही. फोन कमावत्या माणसाच्या खिशात असतो. तो कामावर गेला की वर्गही कामावर गेला.

आणि जे आत पोचले त्यांचं काय? एप्रिल २०२१. आयआयटी खरगपूर. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीचा पूर्वतयारी वर्ग, ऑनलाइन चाललेला. राष्ट्रगीताला उभे राहिले नाहीत म्हणून प्राध्यापिकेने पोरांना शिव्या घातल्या, आईबापांचा उद्धार केला, तक्रार करायची तिथं करा म्हणून बजावलं. चित्रफीत देशभर फिरली, ओरड झाली, तेव्हा कुठं निलंबन झालं. चित्रफीत निघाली म्हणून कळलं. एरवी बंद दारामागे काय चालतं ते तुम्हाला-मला सांगायला नको.

म्हणून ऑनलाइनला लाथ मारायची का? नाही. हत्यार शत्रूच्या हातात होतं म्हणून हत्यार टाकून देत नाहीत.

आपल्या वस्तीची गत बघा. दहावीच्या पोराला बीजगणित शिकवणारा माणूस वस्तीत नाही. खाजगी क्लासची फी परवडत नाही. पण आपलाच इंजिनियर पुण्यात आहे, आपलीच नर्स नागपुरात आहे, आपलाच वकील औरंगाबादेला गेला तो तिथलाच झाला. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलचं दुःख बोलून दाखवलं. शिकून समाजाला परतफेड करतील ही अपेक्षा होती, ते आपापल्या पोटामागे लागले. तेव्हापासून शिकलेल्यांची सबब एकच, लांब आहे हो, वेळ नाही हो. व्हिडिओच्या वर्गाने ही सबब संपवलीय. आठवड्याला एक तास. पुण्याच्या खोलीतून. गाडीभाडं नाही, मुक्काम नाही. आता ज्याला यायचं नाही त्याने सरळ यायचं नाही म्हणावं.

पण हा वर्ग आपण त्यांच्यासारखा भरवायचा नाही. आपलं माप वेगळं. शेवटचं पोर हे आपलं माप. ज्याचा फोन सगळ्यात जुना, ज्याची रेंज सगळ्यात कमी, ज्याचा आवाज सगळ्यात दबलेला. त्याला वर्ग पोचला तर वर्ग झाला. नाहीतर ते प्रवचन. हे एकच मी सांगायला आलोय, बाकी सगळं त्याच्यातून निघतं. आता कामाचं बोलू.

लिंक बनवायच्या आधी पायपीट करा. वही घ्या, घरोघर जा आणि चार गोष्टी लिहा. फोन कुणाचा? घरी किती वाजता येतो? पॅक केवढ्याचा? रेंज घरात मिळते की नळापाशी? आमच्याकडे असं मोजलं तेव्हा कळलं की निम्मे फोन सकाळी सातला बापाबरोबर नाक्यावर जातात आणि रात्री आठला परततात. मग वर्ग साडेआठला. मास्तरांना पाचची वेळ सोयीची होती. मास्तरांची सोय दुसऱ्या नंबरावर. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती हौस म्हणून नव्हे. कामकरी माणूस मोकळा होतो तेव्हा शाळा उघडी पाहिजे, एवढं साधं शहाणपण होतं ते.

वहीत पोरी वेगळ्या मोजा. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाची ग्रामीण मुलं-मुली होती. त्यात स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे निघाले ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. घरात एक फोन असला की तो आधी भावाला. आपण बाबासाहेबांचे म्हणवतो आणि घरात मनूचा कायदा चालवतो. शेवटचं पोर म्हणजे बहुतेक वेळा पोरगीच असते, हे ध्यानात ठेवा. पोरीच्या आईशी बोला. वेळ ठरवताना पाणी कधी येतं ते विचारा, कारण त्या वेळेला पोरगी हंडा घेऊन रांगेत असणार.

दुसरी गोष्ट. वर्गाचं मूळ वस्तीत पाहिजे. बुद्धविहार नाहीतर समाजमंदिर घ्या. तिथं एक चांगलं कनेक्शन, एक जुना लॅपटॉप, एक टीव्ही, एक स्पीकर. ज्यांच्याकडे फोन नाही ती पंधरा-वीस पोरं तिथं एकत्र बसतील, बाकीची घरून येतील. विहारात एक दादा किंवा ताई हजर पाहिजेच. पडद्यावरचा मास्तर वही तपासू शकत नाही, पेंगणाऱ्याला हलवू शकत नाही. ते काम हजर माणसाचं. आणि एक कडक नियम. एका खोलीत एकाच यंत्राचा माइक आणि आवाज चालू ठेवायचा. शेजारी दुसरा फोन चालू राहिला की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो, घुमतो, किंचाळतो, आणि सगळा वर्ग कानावर हात ठेवतो.

तिसरी गोष्ट, हत्यार कुठलं? झूमचा फुकट वर्ग चाळीस मिनिटांत बंद पडतो, शंभर माणसं मावतात. गुगल मीटवर तिघांपेक्षा जास्त जण असले... नाही, तिघं झाले की लगेच, फुकटात साठ मिनिटं, माणसं तीच शंभर. ह्या चाळीस मिनिटांचं रडगाणं नको. तीच घंटा समजा. पस्तीस मिनिटं शिकवा, दहा मिनिटं सुट्टी द्या, पोरं गणित सोडवतील, पाणी पितील, मग परत त्याच लिंकवर या. एवढ्याशा पडद्याकडे तासभर टक लावून कुठलंही पोर शिकत नाही, साहेबाचं पण नाही. लिंक एकच ठेवा. रोज नवी लिंक पाठवली की ज्याच्याकडे फोन उशिरा येतो तो जुन्या लिंकवर ठोठावत बसतो.

कंपनीच्या बाहेरचीही हत्यारं आहेत. जित्सी आहे, बिगब्लूबटन आहे. ही मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, आपल्या सर्व्हरवर चालवता येतो. बिगब्लूबटन तर २००७ साली कॅनडाच्या कार्लटन विद्यापीठात वर्गासाठीच म्हणून सुरू झालं. फळा आहे, गट पाडता येतात. सर्व्हरला भाडं लागतं, सांभाळायला जाणकार लागतो. पण दहा वस्त्यांनी वर्गणी काढली तर एक सर्व्हर होतो. जयंतीला डीजेवर किती उडवतो ते आठवा आणि मग पैसे नाहीत म्हणा. तोवर झूम-मीट वापरा, त्यात पाप नाही. पण आपल्या पोरांची नावं, तोंडं आणि बोलणं दुसऱ्याच्या गोदामात जातंय हे विसरू नका.

चौथी गोष्ट, डेटा. इथं हिशोब करा, भावना नको. आवाजाला सेकंदाला साठ ते ऐंशी किलोबिट पुरतात. तासाला झाले सत्तावीस ते छत्तीस एमबी. चांगल्या चित्राला सहाशे किलोबिट धरा, ते झाले तासाला दोनशे सत्तर एमबी, तेही एका बाजूने. तुम्ही चित्र पाठवता तेव्हा तेवढंच परत. म्हणजे कॅमेरा चालू ठेवा म्हणून मास्तर ओरडतो तेव्हा तो पोराच्या बापाच्या रिचार्जमधून खर्च करतो. आमची रीत अशी. मास्तराने सुरुवातीला दोन मिनिटं तोंड दाखवायचं, पोरांना माणूस कळला पाहिजे. मग कॅमेरा बंद. धड्याची पानं आणि गणितं फोटो काढून दुपारीच व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली असतात. वर्गात पोरगा आवाज ऐकतो आणि समोरचं पान बघतो. रेंज एका काडीवर आली तरी आवाज येत राहतो.

जिथं लिहून दाखवायलाच हवं, भूमिती, समीकरण, तिथं महागड्या पाट्या नकोत. दोन उंच डबे घ्या, वर आडवी पट्टी ठेवा, पट्टीला फोन बांधा, मागचा कॅमेरा खाली वहीकडे. झाला फळा. हा फोन वर्गात वेगळा माणूस म्हणून घुसवा, नाव ठेवा 'फळा', त्याचा माइक आणि आवाज बंद. जाड पेनने मोठं लिहा. चार इंचाच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. आधी स्वतः सगळ्यात जुन्या फोनवर बघून खात्री करा. ज्याच्याकडे साधा बटणाचा फोन आहे, त्याला कॉन्फरन्स कॉलवर घ्या. चार पोरं अशी जोडता येतात. चार म्हणजे थोडी वाटतात? त्या चारांच्या घरी जाऊन सांगा मग.

पाचवी गोष्ट, दार. व्हिडिओच्या वर्गाला वेटिंग रूम असते. येणारा आधी बाहेर थांबतो, आतला माणूस घेईल तेव्हा आत. दोस्तहो, आपल्याला वेशीबाहेर थांबण्याचा हजारो वर्षांचा अनुभव आहे. आता दार आपल्या हातात आलंय. म्हणून दाराला वेगळा माणूस ठेवा. शिकवणारा एक, दार सांभाळणारा दुसरा. एकाने दोन्ही करायला गेलं की दार तरी बोंबलतं नाहीतर गणित. दारवाल्याला आमचा नियम आहे की आपलं पोर मिनिटाच्या वर बाहेर राहता कामा नये. उशिरा आलं तरी जाब नाही. रेंज तुटून दहादा बाहेर पडलं तर अकराव्यांदा आत. आणि जो परत आलाच नाही त्याचं नाव वहीत, त्याच रात्री त्याला फोन. हजेरी घेऊन काय करायचंय? गळालेल्यांची यादी घ्या.

दारवाल्याची गरज दुसऱ्या कारणाने पण आहे. बाबासाहेबांच्या नावाचा वर्ग दिसला की काहींच्या पोटात दुखतं. अनोळखी घुसतात, शिव्या देतात, घाण चित्रं दाखवतात. २०२० मध्ये जगभर हा उपद्रव इतका झाला की त्या एप्रिलपासून झूमला वेटिंग रूम आणि पासवर्ड आपोआप चालू ठेवावे लागले. तेव्हा लिंक फेसबुकवर टाकू नका, पोस्टरवर छापू नका. पडदा दाखवायचा हक्क फक्त होस्टकडे ठेवा. घुसलाच कुणी तर घाबरून वर्ग बंद करायचा नाही. आधी पडद्याचा फोटो आणि वेळ टिपून घ्या, मग त्याला हाकला, मग दार लावा आणि शिकवणं पुढे चालू. जातीवरून शिवी दिली असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा आहे. ऑनलाइन केलेला जातीय अपमानही ह्या कायद्यात येतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. पुरावा सांभाळा.

सहावी गोष्ट, आणि हिच्यावर माझा जोर जास्त. नाव, कॅमेरा, माइक.

पडद्यावर प्रत्येकाच्या चौकटीखाली नाव येतं. आपल्या देशात आडनाव म्हणजे कपाळावरचा शिक्का. ते दिसलं की शिकवणाऱ्याची नजर बदलते, हे आपण कॉलेजात भोगलंय. आपल्या वर्गात नुसतं पहिलं नाव. आडनाव लपवायचं नाही, आपल्याला त्याची लाज नाही. पण गणित शिकायला ते लागतही नाही. ज्याला अभिमानाने लावायचं त्याने लावावं.

कॅमेरा पोराच्या मर्जीवर. मागे पत्रा दिसतो, दोरीवरचे कपडे दिसतात, आजारी आजी दिसते. पोराला ते दाखवायचं नसेल तर तो त्याचा हक्क. शिस्तीच्या नावाखाली घरात डोकावणारे मास्तर दुसरीकडे पुष्कळ आहेत.

आणि माइक. सगळ्यांना म्यूट करायचं बटण होस्टच्या हातात असतं. एकलव्य हा पहिला दूरशिक्षणाचा विद्यार्थी. गुरू लांब, शिकणारा रानात. त्याने शिकून दाखवलं तर अंगठा कापून मागितला. आज अंगठा कापायला नको. गुरूने आपल्या अंगठ्याने ते बटण दाबलं की झालं. म्हणून आमच्याकडे गोंगाट झाला तर म्यूट होतं, पण दर दहा मिनिटांनी मास्तर थांबतो आणि नाव घेऊन विचारतो. सुरुवात कालच्या गप्प पोरापासून. पहिल्या बाकावरच्या हुशारांना शेवटी. बोलायला लाजतो त्याने चॅटमध्ये लिहावं. 'नाय समजलं' असं लिहिलं तर ते 'नाही समजले' असं सुधारून द्यायचं नाही. भाषा शुद्ध करण्याच्या नादात किती पिढ्या मुक्या केल्या ह्या लोकांनी! आधी बोलू द्या, व्याकरण मागाहून येतं. आमच्याकडची एक पोरगी तीन आठवडे चॅटमध्ये नुसतं 'हो' लिहायची. चौथ्या आठवड्यात माइक उघडून म्हणाली, "सर, तुमचं वजाबाकीचं चिन्ह चुकलंय." सरांचं खरंच चुकलं होतं. त्या दिवशी वर्ग भरला असं मी मानतो.

रेकॉर्डिंग करायचं तर मास्तराचा आवाज आणि फळा तेवढाच. ज्याचा वर्ग बुडाला त्याला नुसती आवाजाची फाइल पाठवा, छोटी असते. पोरांची तोंडं यूट्यूबवर टाकायची नाहीत, चळवळीच्या प्रचारासाठी पण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. आणि कायदा नसता तरी आपण विचारलंच असतं.

शेवटी एक इशारा. हा वर्ग शाळेच्या जोडीला आहे, शाळेच्या बदली नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची भाषा केली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा कुठं असतात? वाड्यात, तांड्यात, पाड्यात. उद्या कुणी म्हणेल, तुमची पोरं फोनवर शिकतातच की, शाळा कशाला? तेव्हा ठणकावून सांगा, शाळा आमचा हक्क आहे, शिक्षक आमचा हक्क आहे, रात्रीचा वर्ग आमची लढाई आहे. आमच्या घामावर तुमची काटकसर चालणार नाही.

तर दोस्तहो, घोषणा पुष्कळ झाल्या. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी पहिला ठेवला, आपण तो भिंतीवर रंगवून ठेवला. इथून गेल्यावर प्रत्येकाने दोन कामं करायची. वही घेऊन आपल्या गल्लीतले फोन मोजायचे. आणि आपल्यातला जो शिकून लांब गेलाय त्याला आज रात्री फोन लावून एवढंच विचारायचं, आठवड्याचा कुठला तास देतोस? तो तास मिळाला की पहिला वर्ग भरवा. पाच पोरं आली तरी भरवा. आणि सुरू करण्याआधी दारवाल्याला विचारा, बाहेर कोण राहिलंय?

जयभीम.